मैदानाचे आरक्षण आणि युवक शाखेचे लेटरहेड

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका नगरपरिषदेच्या शहरातले आहे. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत आणि आकडे ढोबळ ठेवले आहेत. पक्ष कोणता, हे शोधत बसू नये. कुठल्याही पक्षाचे नाव घातले तरी गोष्टीत फार फरक पडत नाही.

पार्श्वभूमी

२०१६-१७ च्या नगरपरिषद निवडणुकांत नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा होता. या शहरात एका पक्षाने नगराध्यक्षपद आणि सभागृहातले बहुमत दोन्ही मिळवले. त्या विजयात पक्षाच्या युवक शाखेचा वाटा मोठा होता आणि तो कुणी नाकारतही नव्हते. मतदार स्लिपा घरोघर पोचवणे, दुपारनंतर मतदानाला न आलेल्यांची यादी काढून त्यांना गाडीने आणणे, सभेआधी सतरंज्या घालणे आणि सभेनंतर त्या उचलणे ही सगळी कामे शे-दीडशे पोरांनी केली होती.

शाखेचा शहराध्यक्ष सत्ताविशीतला, स्वतःचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा. त्याला कुणी निवडून दिले नव्हते. जिल्हाध्यक्षांनी लेटरहेडवर सही करून नियुक्तीपत्र दिले, हार घातला, फोटो छापून आला आणि तो अध्यक्ष झाला. कार्यकारिणीतली उरलेली नावे त्याने आणि नगराध्यक्षांच्या स्वीय सहायकाने मिळून भरली. यात बेकायदा काही नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९अ कलमाखाली नोंदणी होते ती पक्षाची. युवक शाखा कशी असावी, तिचे पदाधिकारी कुणी निवडावेत, यावर कायदा गप्प आहे. पक्षाच्या घटनेत जे लिहिले असेल ते, आणि बहुतेक वेळा जिल्ह्यातल्या साहेबांच्या मनात असेल ते.

मतदानाचे वय १९८९ मध्ये २१ वरून १८ झाले, पण नगरसेवक व्हायला आजही २१ आणि विधानसभा-लोकसभा लढवायला २५ पूर्ण लागतात. मधल्या वर्षांत राजकारणात रस असलेल्या मुलाला किंवा मुलीला दारे दोनच उरतात, विद्यार्थी संघटना आणि पक्षाची युवक शाखा. महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका १९९०च्या दशकात बंद झाल्या, त्यामुळे पहिले दारही अर्धेच उघडे आहे. म्हणून युवक शाखेत काय शिकायला मिळते याला महत्त्व येते.

आता मैदान. शहराच्या विकास आराखड्यात सुमारे साठ गुंठे जागा क्रीडांगणासाठी आरक्षित होती आणि नगरपरिषदेच्या ताब्यातही होती. कुंपण नाही, दिवे नाहीत, एका कोपऱ्यात बांधकामाचा राडारोडा. तरी रोज पहाटे तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पळत असत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. निवडणुकीच्या दोन महिने आधी युवक शाखेने राडारोडा हलवून तिथे फक्कीने ट्रॅक आखून दिला होता. उमेदवाराचा त्या ट्रॅकवर उभे राहून काढलेला फोटो पत्रकावर होता आणि जाहीरनाम्यात ओळ होती, ‘क्रीडांगणाचा सर्वांगीण विकास’.

प्रश्न कसा उभा राहिला

निवडणुकीनंतर दीडेक वर्षाने सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय आला: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात फेरबदल करणे. सदर जागेवरचे क्रीडांगणाचे आरक्षण वगळून तिथे व्यापारी संकुल व सभागृह प्रस्तावित करणे. भाषा अशी की गट क्रमांक माहीत नसेल तर जागा कुठली हेही कळू नये. शाखेतल्या एका मुलाचा मामा नगरपरिषदेत लिपिक होता. त्याच्या टेबलावरच्या कागदाचा फोटो शाखेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडला आणि तिथून सगळे सुरू झाले.

नगराध्यक्षांची बाजू पोकळ नव्हती. नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न तोकडे, पगार शासनाच्या अनुदानावर, पाणीपुरवठ्याच्या वीजबिलाची थकबाकी. गाळे बांधले तर अनामत रकमेतून बांधकाम निघेल आणि भाडे कायमचे येईल, असा हिशेब होता. गाळे कुणाला मिळणार याची कुजबुज शहरात होतीच, पण पुरावा कुणाकडे नव्हता आणि या प्रकरणात तो कधी पुढेही आला नाही.

शाखेपुढचा पेच साधा दिसतो, पण त्यात तीन वेगळे प्रश्न गुंतले होते. आपल्याच पक्षाच्या सत्तेने आपणच दिलेला शब्द मोडला तर युवक शाखेने काय करायचे? तिचे उत्तरदायित्व पक्षाच्या नेत्यांशी, की ज्यांच्या नावाने ती ‘युवक’ म्हणवते त्यांच्याशी? आणि तिसरा, ज्याचा विचार त्या आठवड्यात कुणीच केला नाही: शाखेची भूमिका म्हणजे नक्की कुणाची भूमिका? शहराध्यक्षाची, कार्यकारिणीची, की ग्रुपवर रात्री अकरा वाजता अंगठा दाखवणाऱ्या शे-सव्वाशे जणांची?

या तिसऱ्या प्रश्नाचा फटका लगेच बसला. ग्रुपवरच्या चर्चेचे स्क्रीनशॉट दुसऱ्या दिवशी एका स्थानिक यूट्यूब चॅनेलवर झळकले: ‘सत्ताधारी पक्षात बंड’. बैठक झालेली नाही, ठराव झालेला नाही, आणि बंड मात्र जाहीर.

कोणते पर्याय तोलले

शेवटी बैठक झाली ती शहराध्यक्षाच्या दुकानाच्या माडीवर. वीसेक जण होते. त्यातल्या तिघांशी मी नंतर बोललो. तिघांच्या सांगण्यात बारीकसारीक फरक आहेत, पण पर्यायांबद्दल एकमत आहे.

गप्प बसणे हा पहिला. बाजूने बोलणारे पाच-सहा जण होते आणि त्यांचा मुद्दा रोखठोक होता: पुढच्या वेळी तिकीट हवे असेल तर आत्ता साहेबांच्या डोळ्यांवर यायचे नाही. राजकारणात करिअर करणाऱ्याने असा विचार करू नये, असे म्हणणे सोपे आहे. पण पक्षाचा ए-बी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, ज्यांच्या हातात असतो, त्यांच्याविषयी विशी-पंचविशीतल्या मुलाने बेफिकीर राहावे अशी अपेक्षा करणाऱ्याने स्वतः कधी उमेदवारी मागितलेली नसते.

दुसरा, पक्षाचा झेंडा घेऊन नगरपरिषदेवर मोर्चा. हा तरुणांना सर्वांत आवडणारा. तिसरा, सामूहिक राजीनामे. त्याची बातमी एक दिवस होते आणि मग रिकाम्या जागांवर नव्या नियुक्त्या होतात, हे एका जुन्या कार्यकर्त्याने तिथेच सांगितले.

चौथा पर्याय विरोधी पक्षाच्या युवक शाखेकडून आला. सर्वपक्षीय कृती समिती करू, निमंत्रक तुमचाच राहील. प्रस्ताव गोड होता. पण त्यांच्याच नगरसेवकांनी आधीच्या कार्यकाळात दोन आरक्षणे वगळण्याच्या बाजूने मत दिले होते, आणि ते माडीवरच्या सगळ्यांना ठाऊक होते.

पाचवा, शाखेतून वर गेलेल्या तीन नगरसेवकांनी सभागृहात विरोधी मतदान करावे. यावर सर्वांत जास्त वेळ गेला. पक्षाने व्हिप, म्हणजे मत कसे द्यायचे याचा पक्षादेश, काढला तर महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ लागू होतो. व्हिपविरुद्ध मत दिले किंवा तटस्थ राहिले तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि सदस्यत्व जाऊ शकते. तिघांपैकी एक नगरसेविका पहिल्यांदाच निवडून आलेली. ती म्हणाली, “माझं पद गेलं तर मैदान वाचतंय का, एवढं सांगा.” कुणाकडे उत्तर नव्हते.

सहावा पर्याय सुचवला तो वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने. कलम ३७ मध्येच वाट आहे, ती म्हणाली. फेरबदलाची सूचना राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते, एक महिन्याच्या आत कुणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो, बाधितांची सुनावणी घ्यावी लागते आणि त्यानंतरच प्रस्ताव शासनाच्या मंजुरीला जातो. म्हणजे सभेत ठराव झाला तरी खेळ संपत नाही. आणि हरकत द्यायला पक्षाची परवानगी लागत नाही, नागरिक असणे पुरते.

काय केले

सहावा पर्याय मुख्य धरला आणि पाचव्याचा एक तुकडा उचलला. व्हिप मतदानाला लागू होतो, बोलण्याला नाही. तेव्हा नगरसेविकेने व त्या दोघांनी मतदान पक्षासोबत करावे, पण आधी सभागृहात उभे राहून जाहीरनाम्यातली ओळ वाचावी आणि ती इतिवृत्तात नोंदवायला लावावी, असे ठरले. नगरसेविकेने ते केले. एकाने केले, पण इतक्या हळू आवाजात की इतिवृत्तात ‘सदस्यांनी चर्चा केली’ एवढेच आले. तिसरा सभेला आलाच नाही. सुदैवाने मतदान आवाजी झाले, म्हणून त्याची गैरहजेरी कुणी उकरून काढली नाही.

सभेच्या आदल्या दिवशी शहराध्यक्ष आणि दोघे जण नगराध्यक्षांना भेटायला गेले. ही भेट मला या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी वाटते, कारण त्यात कुणी खलनायक नव्हता. नगराध्यक्षांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “बरं, मैदान ठेवू. वीजबिल कशातून भरू, ते सांगा. तुम्ही पोरं आंदोलन करून घरी जाता, मला कनेक्शन तोडल्यावर बायकांचे हंडे बघायचे असतात.” शहराध्यक्ष म्हणाला, “भाऊ, त्याचं आम्ही बघून सांगतो.” नंतर त्याने कबूल केले की हे वाक्य निव्वळ वेळ मारून नेण्यासाठी होते.

पण शाखेत बी.कॉम. झालेला, एका कर सल्लागाराकडे काम करणारा एक मुलगा होता. त्याने ते शब्दशः घेतले. माहिती अधिकारात नगरपरिषदेचा अर्थसंकल्प आणि असलेल्या गाळ्यांची मागणी नोंदवही मागितली. मिळाली ती धूळ बसलेली झेरॉक्स, अर्धे आकडे पुसट. त्याने दोन रात्री बसून वहीत रकाने आखले: गाळा क्रमांक, मूळ करारदार, भाडे, शेवटची वसुली. निघाले ते असे की बसस्थानकाजवळच्या जुन्या संकुलातले बरेच गाळे अनेक वर्षांपूर्वीच्या भाड्यावर होते, काहींची मुदत संपून गेली होती आणि निम्म्यांच्या वसुलीचा रकाना कोरा होता. नवे गाळे बांधण्याआधी जुन्यांचे भाडे घ्या, हा मुद्दा त्या वहीतून आला. पूर्ण प्रकरणात शाखेने केलेले सर्वांत राजकीय काम हेच होते, असे माझे मत आहे. घोषणा देणाऱ्यांना तोटा नसतो, मागणी नोंदवही वाचणारा दुर्मीळ.

राजपत्रात सूचना आली. महिनाभरात शाखेने चारशेच्या आसपास हरकती गोळा केल्या. मधल्या काळात जिल्हाध्यक्षांचा निरोप आला. एका स्वीकृत सदस्याचा राजीनामा होणार होता, कारण वर्षावर्षाने खुर्ची फिरवायची असे पक्षात आधीच ठरले होते. त्या जागी शहराध्यक्षाचे नाव जाऊ शकते, “फक्त जरा वातावरण शांत ठेव.” स्वीकृत सदस्याला सभागृहात बसता येते, बोलता येते, मत देता येत नाही. शहराध्यक्षाने दोन दिवस विचार केला, घरच्यांशी बोलला आणि नाही म्हणाला. नाही म्हणण्यामागे केवळ तत्त्व नव्हते. चारशे हरकतींवर गल्लीतल्या लोकांच्या सह्या होत्या आणि त्याचे दुकान त्याच गल्लीत होते.

निष्पत्ती

सुनावणीत चारशेपैकी बहुतेक हरकती एका फटक्यात निकालात निघाल्या. सगळ्यांचा मजकूर एकच होता, फक्त नाव आणि सही वेगळी. ‘समान आशयाच्या हरकती’ म्हणून त्या एकत्र नोंदवल्या गेल्या. खरा परिणाम झाला तो हाताने लिहिलेल्या वीसेक हरकतींचा. भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीने लिहिले होते की पर्यायी सुचवलेली जागा गावाबाहेर आहे आणि पहाटे पाच वाजता तिथे एकटीने जाता येत नाही. एका शाळेच्या क्रीडा शिक्षकाने शाळेला स्वतःचे मैदान नाही हे लिहून दिले. आणि गाळ्यांच्या थकबाकीचा तक्ता जोडलेली ती एक हरकत.

दुसऱ्या ठरावात प्रस्ताव बदलला. रस्त्याकडेची दहा-बारा गुंठे संकुलासाठी आणि उरलेले क्रीडांगण कायम. शाखेतल्या काहींना हा विजय वाटला, काहींना दगा. सुधारित प्रस्ताव शासनाकडे गेला आणि तिथेच राहिला. २०२१च्या अखेरीस-२०२२ च्या सुरुवातीला नगरपरिषदांच्या मुदती संपल्या, ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. बहुतेक ठिकाणी मतदान व्हायला २ डिसेंबर २०२५ उजाडला. प्रशासकाच्या काळात संकुलाचा विषय पुढे सरकला नाही, तसे मैदानाला कुंपणही झाले नाही.

शहराध्यक्षाचे काय झाले? सुनावणीनंतर तीन महिन्यांनी ‘संघटनात्मक फेरबदल’ या मथळ्याखाली दुसऱ्याचे नियुक्तीपत्र निघाले. नवा अध्यक्ष एका नगरसेवकाचा पुतण्या. जुन्याला जिल्हा कार्यकारिणीत ‘विशेष निमंत्रित’ केले, म्हणजे कुठेच नाही. लेटरहेडवर आलेले पद लेटरहेडवर गेले आणि त्याबद्दल दाद मागायला जागा नव्हती, कारण ज्या सदस्यांच्या नावाने तो बोलत होता त्यांनी त्याला निवडलेच नव्हते. कायद्याची विद्यार्थिनी आता वकील आहे आणि कुठल्याच पक्षात नाही. हिशेब करणारा मुलगा पक्षातच आहे. नगरसेविका २०२५ मध्ये पुन्हा उभी राहिली, त्याच पक्षाकडून. तिला तिकीट मिळाले त्यात इतिवृत्तातल्या त्या नोंदीचा अडथळा आला नाही, हे गप्प बसण्याच्या बाजूने असलेल्यांना सांगायला हवे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक विषयपत्रिका येण्याच्या आधीची आहे. जिंकल्यानंतर दीड वर्ष शाखेने एकही सर्वसाधारण सभा पाहिली नाही, एकही विषयपत्रिका मागितली नाही. वाढदिवसाचे फलक मात्र नियमित लागत होते. आरक्षण वगळण्याचा विषय एका रात्रीत तयार होत नाही. बांधकाम समितीत, नगररचनाकाराच्या अभिप्रायात, मोजणीत त्याच्या खुणा दिसतात. मामा लिपिक नसता तर राजपत्रातली सूचनाही निघून गेली असती.

दुसरे, एकाच मसुद्याच्या शेकडो प्रती. संख्येचा दबाव मोर्चात चालतो, सुनावणीत नाही. चाळीस माणसांना बसवून प्रत्येकाचे स्वतःचे कारण लिहून घेतले असते तर वजन जास्त पडले असते. त्या मुलीची पहाटेची अडचण शाखेला हरकत वाचेपर्यंत माहीत नव्हती. शाखेच्या कार्यकारिणीत तेव्हा दोन मुली होत्या, त्यातली एक नावापुरती. मैदान वापरणाऱ्यांत मुली बऱ्याच होत्या.

कृती समितीला नकार द्यायला हवा होता का, यावर माझे मत डळमळीत आहे. विरोधकांसोबत गेले असते तर पक्षशिस्तीची कारवाई आधीच आली असती आणि नगरसेविकेला बोलणेही अवघड झाले असते. पण मैदान एका पक्षाचे नव्हते. दोन्ही शाखांनी स्वतंत्र हरकती द्यायच्या आणि सुनावणीत एकमेकांना खोडायचे नाही, एवढा अबोल समझोता शक्य होता. तो कुणी सुचवला नाही.

आणि नियुक्तीचा मुद्दा. शाखेचा अध्यक्ष सदस्यांनी निवडलेला असता तर त्याला काढणे इतके स्वस्त पडले नसते. जर्मनीतल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची युवक संघटना स्वतःचा अध्यक्ष स्वतः निवडते. २०१८ मध्ये तिने पक्षनेतृत्वाने ठरवलेल्या आघाडी सरकारविरुद्ध उघड प्रचार केला, पक्षसदस्यांच्या मतदानात ती हरली आणि ६६ टक्क्यांनी आघाडी मान्य झाली. तिचा तेव्हाचा अध्यक्ष केव्हिन क्युनर्ट पुढच्याच वर्षी पक्षाचा उपाध्यक्ष आणि २०२१ मध्ये सरचिटणीस झाला. आपल्याकडे युवक काँग्रेसने २००८ च्या सुमारास अंतर्गत निवडणुका सुरू केल्या, माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या संस्थेची त्यावर देखरेख होती. तिथे तक्रार वेगळी आली: पैसेवाल्यांनी सदस्य नोंदणीचे अर्ज गठ्ठ्याने भरायचे आणि नेत्यांच्या मुलांनी निवडून यायचे. म्हणजे निवडणुकीने सगळे सुटत नाही. पण निवडून आलेल्याला काढायचे तर निदान बैठक बोलवावी लागते, कारण सांगावे लागते आणि ते कारण लोक ऐकतात.

या शहरात पक्षाने तसे काही केले नाही. शाखा आजही नियुक्तीपत्रावर चालते. हिशेब करणारा मुलगा मात्र दर सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका माहिती अधिकारात मागतो आणि ग्रुपवर टाकतो. बहुतेक जण ती उघडत नाहीत. गेल्या खेपेला एकाने उघडली आणि खाली विचारले, “विषय क्रमांक चौदामधला गट नंबर कुठला आहे रे?”